हळदीचा मांडव आणि हळदीचा भाव

कुठेही गेले की दादा आधी वर बघायचे. माझ्या ऑफिसात आले तरी दारात चपला काढता काढता नजर छताकडे. पंख्याचा हूक, खिडकीच्या सळया, भिंतीतला एखादा जुना खिळा, हे सगळं डोळ्यांखालून घालून झालं की मगच खुर्चीत बसणार. एकदा तर खिडकीची सळई हाताने हलवून बघितली आणि समाधानाने म्हणाले, "ताई, सलई मजबूत हाय तुजी." त्या कौतुकाचं काय करावं मला कळेना. पुढे लक्षात आलं, की हा माणूस कुठल्याही जागेत शिरला की इथे दोरी कशाला बांधता येईल, एवढंच आधी बघतो.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. चेहरा बघायच्या आधी खांदे बघणारा शिंपी, किंवा घरात आल्या आल्या भिंतीची ओल चाचपणारा गवंडी. दादा त्या जातकुळीतले. ते मांडववाले होते.

कामतघर या आमच्या वस्तीत, गल्लीच्या टोकाला त्यांच्या घराण्याच्या जमिनीचा शेवटचा तुकडा उरला होता. त्यावर पत्र्याची शेड आणि शेडसमोर मोकळी जागा. शेडमध्ये बांबू, लोखंडी पाइप, बाजूने लावायच्या कनाती, झालरी, सतरंज्या, खुर्च्यांचे ढीग. एका अंगाला यंत्रमागाचा कारखाना, दुसऱ्या अंगाला चाळ. मागांचा खडखडाट दिवसभर चालू, म्हणून दादांचा आवाज कायम वरच्या पट्टीत. ते फोनवर बोलायला लागले की वाटायचं, यांना फोनची गरज काय?

मी त्याच गल्लीत लहान धंदेवाल्यांची कागदपत्रं सांभाळते. बिलं, करपरतावे, परवाने, नूतनीकरणं. कोणाचं काय कधी संपतंय याच्या याद्या भिंतीवर लावलेल्या असतात. त्या याद्यांमध्ये कुठेच न बसणारा एक प्रश्न दिवाळी झाली की दर वर्षी दारात उभा राहतो. कधी फ्रिज दुरुस्तीवाला येतो, कधी पार्लरवाली. "मॅडम, ते ऑनलाइन डिरेक्टरीवाले आलेत. नाव सगळ्यात वर ठेवू म्हणतात. भरू का पैसे?" इतक्या वेळा उत्तर दिलंय की आता उत्तराचाच कंटाळा आलाय. हल्ली मी चहा मागवते आणि दादांची हकिकत सांगते. तीच इथे लिहून ठेवते आहे, म्हणजे निदान चहा वाचेल.

दादांचा धंदा लग्नाचा नव्हता, हळदीचा होता. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडच्या आगरी गावांत लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला कुणी आलं नाही तर चालतं, हळदीला आलं नाही तर वर्षभर बोलणी खावी लागतात. दारात मांडव पडतो, उंबराची डहाळी येते, बॅन्जो येतो, आणि गावच्या गाव जेवून जातं. पत्रिका हातात देतानासुद्धा लोक म्हणतात, "हळदीला या." तेव्हा दादांना कुणी विचारलं, काय करता, तर ते "मांडव टाकतो" असं म्हणायचेच नाहीत. "आपला हलदीचा काम," म्हणायचे. जुन्या माणसांच्या तोंडी इथे ळ टिकत नाही, त्यामुळे हळदीची हलद होते. तेवढं लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्या एका शब्दाचा आहे.

ऑर्डर घ्यायची त्यांची एक रीत होती. माणूस दारात आला की दादा पहिलं वाक्य बोलायचे, "तू फकस्त तारीख सांग." तो बिचारा विचारायचा, "पण दादा, खर्च किती येईल?" उत्तर ठरलेलं. "आदी जागा बगू दे." मग त्याच्या घरी जायचे, चहा घ्यायचे, वर बघायचे, अंगणातून दोन चकरा मारायचे. चूल कुठे लागणार? वारा कुठून येतो? म्हाताऱ्या माणसांना मोरीकडे जायला वाट सरळ आहे का? आणि शेवटचा प्रश्न, "धवलारीन कोन हाय?"

धवले म्हणजे हळदीची, लग्नाची जुनी गाणी. ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. ती कोण, यावर दादांचा अर्धा मांडव ठरायचा. राहनाळच्या एका हळदीला धवलारीण नुकतीच आजारातून उठलेली होती, आवाज बसलेला. दादांनी जनरेटर उचलून घराच्या पार मागे नेऊन ठेवला आणि वायर लांबवली. नवऱ्या मुलाचा बाप वैतागला. "दादा, कशाला येवढी वायर? हितंच ठेव ना!"

"गाना आयकू न्हाय आला तं हलद कशाची? नुसता जेवान हाय मंग."

वायर तशीच राहिली. त्याच मांडवात जेवायला आलेल्या कुणीतरी जाता जाता दादांचा नंबर घेतला. दादांचा धंदा असा चालायचा. एका हळदीतून दुसरी हळद निघायची. जाहिरात म्हणाल तर कनातीच्या एका कोपऱ्यावर रंगाने लिहिलेला फोन नंबर, तोही निम्मा पुसलेला. "वलखीच्याला कलतो," म्हणायचे. बाकीचे आकडे ओळखीतूनच कळतात, असा त्याचा अर्थ.

मग पूर्ण्याच्या बाजूला, हायवेला लागून, लॉन झाले. मोठाली गेटं, हिरवळ, एसी हॉल. तिथे जागा घेतली की मांडव, दिवे, खुर्च्या, जेवण सगळं त्यांचंच. दारात जागा उरली नव्हती, गावांतली अंगणं गाड्यांनी आणि गाळ्यांनी भरली होती, तेव्हा लोकांचीही सोय झाली. हळदीसुद्धा लॉनवर जायला लागल्या. दादांच्या शेडचं दार आठवड्याचे आठवडे बंद राहू लागलं.

त्यांच्या धाकट्या भावाने आपल्या वाटणीची जमीन कधीच गोडाऊनला दिली होती. दर महिन्याला भाडं, डोक्याला ताप नाही. शेडची जागा मात्र दोघांच्या नावावर होती, आणि तिच्यावरही एका गोडाऊनवाल्याचा डोळा होता. त्या कागदांसाठी दोघं भाऊ माझ्याकडे आले. धाकटा काही वाईट माणूस नव्हे. थकलेला होता, एवढंच.

"ताई, तूच सांग याला. आपण बांबूंना सावली द्यायला जागा अडवून ठेवलीय."

"बांबू माजं हायत," दादा म्हणाले.

"जागा दोगांची हाय, दादा."

यावर दादा पंख्याच्या हुकाकडे बघत बसले. शेवटी धाकट्यानेच तोड काढली. "येक सीझन घे. ह्या सीझनला तारखा भरल्या तं शेड ऱ्हाईल, मी परत शब्द काडनार न्हाय. न्हाय भरल्या तं त्याला हो सांगू."

दादा म्हणाले, "बरा." तेव्हापासून गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, की दादांची शेड या एका सीझनवर टांगलेली आहे.

त्याच सुमाराला डिरेक्टरीवाली मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग, चेहरा उन्हाने लाल. सकाळपासून दुकानं पालथी घालत आली होती. शेडसमोरच्या खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "काका, लोक आता शेजाऱ्याला विचारत नाहीत, मोबाइलला विचारतात. तिथे तुम्ही दिसला नाहीत तर तुम्ही नाहीच."

हे तिचं नेहमीचं वाक्य असणार. दादांना मात्र ते नेमकं लागलं. ते तडक माझ्याकडे आले. मी म्हटलं, "दादा, आधी फुकटातलं नाव टाकू. मांडवाचे चांगले फोटो लावू. महिनाभर बघू कोण फोन करतंय ते."

"फुकटातला नाव खाली येतो, ती बोल्ली."

"येऊ दे की खाली."

"ताई," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "मांडव कदी खाली बांदतात का? वरच बांदतात."

त्यांनी सीझनभराचे पैसे भरले आणि सगळ्यात वरची जागा घेतली.

दोन दिवसांनी त्यांना माहिती पडताळायला कंपनीतून फोन आला. कुठल्यातरी दूरच्या शहरातून, हिंदीत. तेव्हा मी बँकेत होते, आणि आजही मला वाटतं की त्या वेळी मी बँकेत जायला नको होतं. काय बोलणं झालं ते दादांनीच नंतर मला मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"तिनं विचारला, अंकल, मेन काम क्या है? मी बोल्लू, हल्दी. मंग विचारला, होलसेल या रिटेल? मी बोल्लू, वो क्या होता है? ती बोल्ली, मतलब बड़ा ऑर्डर या छोटा? मी बोल्लू, बड़ा. एकदम बड़ा. पूरा गाँव."

मी डोक्याला हात लावला. त्यांना वाटलं, उन्हाचा त्रास होतोय. लगेच पंखा वाढवला.

पहिला फोन आला तेव्हा दादा माझ्यासमोरच बसले होते. त्यांनी मोठ्या उत्साहाने स्पीकर लावला.

"हॅलो, हल्दी वाले?"

"हां हां, हल्दी वाले. आप खाली तारीख बोलो."

"तारीख छोड़ो, पहले रेट बोलो."

"रेट बाद में. पहले जगह देखना पड़ेगा."

"जगह की फिकर नहीं, गोदाम है हमारा. पचास क्विंटल आराम से उतर जाएगा."

दादांनी फोनवर हात ठेवला. "ताई, हा तं मानसांना क्विंटलवर मोजतो." मग परत फोनमध्ये, "आदमी लोग कितना? वेज है की नॉनवेज?" चूल किती मोठी लागणार, ते त्यावर ठरतं.

पलीकडचा गोंधळला. "भाईसाब, हल्दी कब से नॉनवेज हो गई?"

"हमारे इधर पहले से नॉनवेज है," दादा ठामपणे म्हणाले.

फोन बंद झाला. मी माझा मोबाइल काढून शोधलं. नाव होतं, अगदी सगळ्यात वर होतं. पैसे घेतले तेवढं काम त्यांनी चोख केलं होतं. नावाखाली लिहिलं होतं, हळद, घाऊक विक्रेते. पिवळ्याधमक पावडरीच्या ढिगाचं चित्र, आणि त्याच्या शेजारी मांडवाच्या खांबाला हात लावून उभे असलेले दादा.

धाकटा भाऊ हसून हसून बेजार झाला. "दादा, साखरपुडा बोल्ला न्हायस ते बरा केलास! न्हाय तं साखरेच्या ट्रका आल्या असत्या दारात."

दादाही हसले. पण सीझन सुरू झाला होता, आणि तो हसण्यात जाण्यासारखा नव्हता.

चूक दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं. मी तक्रार नोंदवली. तक्रार नोंदवल्याचा संदेश आला. मग तक्रार मिटवल्याचा संदेश आला, हळद होती तिथेच होती. मी फोन केला. माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, असं एक बाई गाणं थांबवून थांबवून सांगत राहिली. खरा माणूस लागला तेव्हा तो म्हणाला, "मॅम, सिस्टम में हल्दी फंक्शन नाम की कोई कैटेगरी नहीं है." मी त्याला समजावलं की मंडप आहे, डेकोरेशन आहे. त्याने लिहून घेतलं. पुढच्या वेळी वेगळा माणूस लागला आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली. तुम्ही कधी असं काहीतरी दुरुस्त करायला बसला असाल, तर तुम्हाला ठाऊक आहे. राग पहिल्या दोन वेळा येतो. नंतर नुसता शीण येतो.

तोवर फोन चालूच. सांगलीहून, नागपूरहून, कुठून कुठून. मी दादांना म्हटलं, उचलू नका. ते म्हणाले, "त्यातला येकादा आपला असला तं?" म्हणून ते प्रत्येक फोन उचलायचे, आणि उचलला की त्यांना माणसाला वाटेला लावल्याशिवाय राहवायचं नाही. बाजारपेठेत एक मसाल्यांचे जुने व्यापारी होते. दादा सगळ्यांना त्यांचा नंबर द्यायला लागले. "मैं वो हल्दी नहीं. वो हल्दी का नंबर लिखो." थोड्याच दिवसांत त्या शेठजींचा माल चांगलाच उठायला लागला. त्यांनी डिरेक्टरीला छदामही दिला नव्हता. एका सकाळी शेठजी स्वतः रिक्षातून आले आणि हळदीचं एक पोतं शेडमध्ये उतरवून गेले. "दादा, हे तुमचं."

दादांनी ते पोतं गल्लीत वाटलं. माझ्या घरी अजून त्यातली हळद आहे. रंगाला फार चांगली.

अखेर एकदाची कॅटेगरी बदलली. तोपर्यंत सीझनचा चांगला भाग निघून गेला होता, पण दादा नव्याने दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. आता फोन बरोबर येऊ लागले. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की चुकीचे फोन बरे होते. त्यात दादा निदान हरत नव्हते.

कारण विचारणारा माणूस एकट्या दादांना विचारत नव्हता. त्याने बटण दाबलं की तोच निरोप आणखी पाच-सहा जणांना जायचा. दादा म्हणायचे, "तारीख सांगा, जागा बगाला येतो." तोवर बाकीच्यांनी फोटो आणि भाव पाठवलेला असायचा. "काका, जागा कशाला बघायची? लोकेशन पाठवलंय ना." काही जण नुसतेच भाव विचारून ठेवत होते. काहींचं लग्नच ठरलेलं नव्हतं.

एक फोन मात्र पक्का झाल्यासारखा वाटला. ठाण्याच्या एका टॉवरमधून, गच्चीवरची हळद. दादा दोन गाड्या बदलून तिथे गेले. संध्याकाळी परत आले ते सरळ माझ्याकडे.

"काय झालं, दादा?"

"झकास गच्ची हाय. पर वर नुसता आभाल. दोरी बांदाला काय न्हाय." पाण्याचा ग्लास संपवला. "नवरी सोता भेटली. चांगली पोरगी. मोबाइलमदी फोटो दाकवला, अंकल, सेम असंच पायजे. झोका हाय, पिवली फुला हायत, खाली गाद्या हायत. मी विचारला, आजी कुठं बसंल?"

"मग?"

"बोल्ली, आजी ऑनलाइन हाय."

आम्ही दोघंही हसलो नाही. त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. तिला हवं ते तिने अचूक शोधलं होतं. दादा मात्र शोधून सापडणारे नव्हते, ते भेटून कळणारे होते.

सीझन संपला. आलेल्या तारखा जुन्या ओळखीतल्याच होत्या, आणि त्याही मोजक्या. दादांनी भावाला मुदत वाढवून मागितली नाही. तो माझ्यासमोर येऊन बसला, तेव्हा दादाच म्हणाले, "सांग गोडाऊनवाल्याला हो."

ती डिरेक्टरीवाली मुलगी नूतनीकरणासाठी परत आली. मी तिला चार शब्द सुनवायचे ठरवून बसले होते. सांगलीचे फोन, हेल्पलाइनचं गाणं, सगळं ओठांवर होतं. पण दादांनी मध्येच तिला विचारलं, "पोरी, जेवलीस का? आवंदा तुजा टारगेट झाला का?" तिचे डोळे एकदम भरून आले. तो सीझन तिलाही जड गेला होता. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, ताट वाढलं. जेवता जेवता ती म्हणाली, "काका, खरं सांगू? माझ्या भावाच्या लग्नाचा मंडप आईने शेजारच्या काकूंना विचारून ठरवला." दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिला जाताना शेडच्या सावलीत पाच मिनिटं बसवलं, आणि पैसे मात्र भरले नाहीत.

आता मला विचारणाऱ्यांना मी काय सांगते ते सांगून टाकते. ज्याचं गिऱ्हाईक घाईत असतं, कुलूप अडकलंय, नळ फुटलाय, सामान उद्याच हलवायचंय, त्याने थोड्या मुदतीसाठी पैसे भरून बघायला हरकत नाही. भरण्याआधी तुमच्या धंद्याला ते काय नाव देतात, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. पडताळणीचा फोन घाईत घेऊ नका. आणि ज्याचं गिऱ्हाईक काम बघून येतं, त्याने फुकटातलं नाव टाकावं, दोन चांगले फोटो लावावेत आणि उरलेल्या पैशांत कनातीवरचा नंबर नव्याने रंगवावा. एवढंच. डिरेक्टरीने दादांना बुडवलं, असं मी म्हणणार नाही. लॉन आधीच आले होते, जमिनीचा भाव आधीच चढला होता. वरच्या जागेने ते तरणार नव्हते. त्यांच्या हातात एकच सीझन होता, आणि तो हळदीचे भाव विचारणाऱ्यांना वाटेला लावण्यात गेला, याचं मला वाईट वाटतं.

दादा आता गल्लीत नसतात. पनवेलला मुलीकडे राहतात. भाड्याचा अर्धा वाटा वेळेवर जातो, ते काम मीच बघते. तब्येत बरी आहे म्हणतात. फोनवर आवाज हळू झालाय. तिकडे माग नाहीत, त्यामुळेही असेल.

सामान विकलं तो दिवस मात्र मी पाहिलेला आहे. घेणारा पडघ्याकडचा एक तरुण मांडववाला होता. शहाणा होता. म्हणाला, "दादा, गठ्ठ्यात काय फाटलंय ते कळत नाही. सगळं उभं करून दाखवा." दादांनी जुन्या गड्यांना बोलावलं आणि शेडसमोरच्या मोकळ्या जागेत अख्खा मांडव उभा केला. होतं नव्हतं ते सगळं लावलं. खांब, छत, कनाती, झालरी, सतरंज्या, खुर्च्या. त्या दिवशी वीज नव्हती, माग बंद होते, आणि गल्लीत एरवी कधी नसते अशी शांतता होती.

चाळीतल्या बायका बाहेर आल्या. "कोणाची हळद हो?"

"कोनाची न्हाय," दादा म्हणाले. "बसा."

बायका बसल्या. मग पोरं आली. बंद पडलेल्या कारखान्यातले मागवाले सावली बघून आले, त्यातला एक सतरंजीवर आडवाही झाला. वहिनींनी मोठ्या पातेल्यात चहा टाकला. सामान घेणारा खांबाखांबाशी जाऊन सुतळीची गाठ ओढून बघत होता, आणि दादा त्याच्या मागे मागे फिरत स्वतःच दाखवत होते, "ह्यो बग, हितं फाटलाय. ह्यो कपडा भिजलेला हाय, त्याचा कमी दे." लोक गप्पा मारत होते, मुलं खुर्च्यांमधून पळत होती. तासाभराने तर वाटायला लागलं, आता कुणीतरी नवऱ्या मुलाला बाहेर आणणार.

व्यवहार झाला. उन्हं कलली तसा मांडव उतरवायला घेतला. आधी कपडा, मग दोऱ्या, मग खांब. सावली गेली तशी माणसं एकेक करून उठली. दोन टेम्पो भरून निघून गेले. जमिनीत खांबांचे खड्डे तेवढे राहिले.

दादा पायाने बाजूची माती लोटून एकेक खड्डा बुजवायला लागले. आधी माती लोटायची, मग टाचेने दाबायची, मग पुढचा.

धाकटा भाऊ शेडच्या दाराशी उभा होता. तो म्हणाला, "दादा, उद्या जेसीबी येनार हाय. सगळाच खनायचाय. कशाला बुजवतोस?"

"आज रातीला कोनाचा पाय मुरगालला तं?"

थोड्या वेळाने भाऊही दुसऱ्या टोकापासून खड्डे बुजवायला लागला.